दूरसंचार आणि वर्गाध्यापन : परतीच्या वाटेचा विचार

जुन्या दिल्लीच्या वायव्येस अरवलीच्या रांगेचा जो शेवटचा कणा दिसतो, त्यावर हिंदूराव रुग्णालय उभे आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी बाडा हिंदूराव ही दाट वस्ती पसरली आहे. हे नाव मराठी आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची १८३५ मध्ये हत्या झाल्यानंतर त्याचा टेकडीवरील वाडा हिंदूरावांनी घेतला आणि तेव्हापासून हा परिसर त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. याच टेकडीवर सम्राट अशोकाचा एक स्तंभ आहे. फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून दिल्लीस आणला. पुढे स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला.

अशोकाचे लेख हे आपल्या देशातील लोकशिक्षणाचे एक अतिप्राचीन साधन होय. राजाचा संदेश दूरच्या प्रजेपर्यंत पोहोचावा हा त्यामागील हेतू होता. परंतु दगडावर अक्षरे कोरली म्हणजे काम संपले, असे त्या राज्यकर्त्याने मानले नाही. कलिंगातील धौली आणि जौगड येथील लेखांत तर तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांना ऐकवावा, अशी स्पष्ट सूचना आहे. संदेश दूर नेणारे साधन वेगळे आणि तो संदेश समजावून देणारा माणूस वेगळा, ही जाणीव त्या सूचनेत आहे. वर्गाध्यापनात दूरसंचार तंत्रज्ञानाचा वापर करण्याचा विचार करताना हीच जाणीव आजही मार्गदर्शक ठरते.

हिंदूरावच्या टेकडीला लागूनच दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर आहे. या विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची सोय सुरू केली आणि भारतातील विद्यापीठीय दूरशिक्षणाचा तो आरंभ ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीतील शाळांसाठी दूरचित्रवाणीवरून पाठ प्रक्षेपित होऊ लागले होते. म्हणजे शिक्षक एका ठिकाणी आणि विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी, या व्यवस्थेचे दोन महत्त्वाचे प्रयोग याच शहरात जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. त्यानंतरच्या सहा दशकांहून अधिक काळाचा अनुभव आपल्या हाताशी आहे. त्या अनुभवातून वर्गातील शिक्षकाने आणि नियोजनकर्त्याने काय घ्यावे, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात केला आहे.

जाण्याची वाट आणि परतीची वाट

आकाशवाणी, दूरचित्रवाणी, दूरध्वनी, उपग्रह आणि इंटरनेट ही सर्व दूरसंचाराची साधने होत. त्यांची तांत्रिक रचना भिन्न असली तरी अध्यापनाच्या दृष्टीने त्यांना एकच प्रश्न विचारावा लागतो : या साधनात विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे परत येण्याची वाट आहे काय?

प्रत्यक्ष वर्गात ही वाट सतत उघडी असते. फळ्यावर गणित सोडवीत असताना शिक्षक मागे वळून पाहतो. चार चेहऱ्यांवर गोंधळ दिसला की तो थांबतो, उदाहरण बदलतो किंवा मागच्या पायरीवर जातो. शिक्षणशास्त्रात यालाच प्रत्याभरण म्हणतात. विद्यार्थ्याने प्रश्न विचारलाच पाहिजे असे नाही. त्याचे गप्प बसणे, वहीतील खाडाखोड, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे हेही प्रत्याभरणच असते.

प्रक्षेपित पाठात ही वाट बंद होते. पडद्यावरील शिक्षक कितीही कुशल असला तरी त्याला वर्ग दिसत नाही. त्याचा वेग ठरलेला असतो आणि तो सर्वांसाठी सारखाच असतो. त्यामुळे दूरसंचारातून पाठ पोहोचविण्याची क्षमता आणि दूरसंचारातून शिकविण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात पहिली क्षमता दर दशकात वाढत गेली. दुसरी मात्र परतीच्या वाटेची व्यवस्था जेथे जाणीवपूर्वक केली गेली, तेथेच वाढली.

पुण्याचा प्रयोग (१९५६)

दिल्लीच्या शालेय दूरचित्रवाणीपूर्वी पाच वर्षे महाराष्ट्रात एक प्रयोग झाला होता. तो शाळेतील नव्हता, तरीही अध्यापनाच्या दृष्टीने तो आजही अभ्यसनीय आहे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ मध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, दर आठवड्याला दोन, असे वीस मराठी कार्यक्रम प्रसारित झाले. कार्यक्रम सुमारे अर्ध्या तासाचा असे. तो संपला की मंडळातील सभासद त्या विषयावर चर्चा करीत, आणि त्यांच्या शंका आकाशवाणीकडे पाठविल्या जात. पुढील कार्यक्रमांतून त्या शंकांची उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल नूरथ हे या अभ्यासाचे प्रमुख होते. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. तुलनेच्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळे असलेल्या गावांत शेतकऱ्यांच्या ज्ञानात झालेली वाढ ठळकपणे अधिक आढळली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, केवळ रेडिओ असलेल्या गावालाही तोच आवाज ऐकू येत होता. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या चर्चेमुळे आणि विचारलेल्या शंकेला उत्तर मिळते या विश्वासामुळे. त्या काळी परतीची वाट म्हणजे टपालाने जाणारे पत्र होते. ही वाट मंद होती, पण ती होती.

दिल्लीची शालेय दूरचित्रवाणी (१९६१)

भारतातील दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. आकाशवाणीच्या इमारतीतील तात्पुरते चित्रीकरण-दालन, ५०० वॅटचा लहानसा प्रक्षेपक आणि सार्वजनिक ठिकाणी ठेवलेले २१ संच, एवढीच ती सुरुवात होती. मनोरंजन हा तिचा मुख्य हेतू नव्हता. लोकशिक्षणासाठी हे माध्यम कितपत उपयोगी पडते, हे पाहावयाचे होते. २४ ऑक्टोबर १९६१ पासून फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने शालेय पाठ सुरू झाले. दैनंदिन सर्वसाधारण सेवा १९६५ मध्ये सुरू झाली आणि मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र आले ते १९७२ मध्ये. म्हणजे घरोघरी करमणुकीचे साधन होण्यापूर्वीच दिल्लीत दूरचित्रवाणी संच वर्गातील साधन झाला होता.

या योजनेमागील कारण व्यावहारिक होते. फाळणीनंतर दिल्लीची लोकसंख्या झपाट्याने वाढली होती. शाळा वाढल्या, त्या दोन पाळ्यांत भरू लागल्या. परंतु विज्ञानाचे प्रशिक्षित शिक्षक आणि प्रयोगशाळा त्या वेगाने वाढणे शक्य नव्हते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातील जे प्रयोग शाळेत होऊ शकत नव्हते, ते एका सुसज्ज ठिकाणी करून शेकडो वर्गांना एकाच वेळी दाखविता येतील, हा विचार त्यामागे होता. इंग्रजीच्या अध्यापनासाठीही या पाठांचा उपयोग करण्यात आला.

पाठाची कल्पना दोन शिक्षकांवर आधारलेली होती. एक पडद्यावरील शिक्षक आणि दुसरा वर्गातील शिक्षक. प्रक्षेपणापूर्वी वर्गशिक्षकाने विषयाची प्रस्तावना करावयाची, प्रक्षेपण चालू असताना विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावयाचे आणि प्रक्षेपण संपल्यावर उजळणी व शंकानिरसन करावयाचे, अशी ही विभागणी होती. पुण्यातील श्रवणमंडळात जे काम चर्चेने केले, तेच काम येथे वर्गशिक्षकाकडे आले होते. दिल्लीच्या या योजनेचे मूल्यमापनही पुढे पॉल नूरथ यांनीच केले, हा योगायोग बोलका आहे.

या रचनेचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : पडद्यावरील शिक्षकाला न दिसणारा वर्ग वर्गशिक्षकाला दिसतो. तोच परतीची वाट होय. पण त्यासाठी त्याला पाठाचा विषय, वेळ आणि आशय आधी ठाऊक असावा लागतो. वेळापत्रक आणि प्रक्षेपणाची वेळ जुळली नाही, संच नादुरुस्त झाला किंवा मार्गदर्शिका वेळेवर हाती आली नाही, तर तो केवळ संच सुरू व बंद करणारा माणूस उरतो. कोणत्याही प्रक्षेपित पाठाची ही दुखरी जागा आहे आणि साधने बदलली तरी ती बदललेली नाही.

उपग्रहाचे युग

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या नावाने ओळखला गेलेला उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखीव होता. जेथे पक्की सडक पोहोचली नव्हती अशाही खेड्यांत चित्र पोहोचले, ही तांत्रिक दृष्ट्या थोर कामगिरी होती. शिक्षणाच्या दृष्टीने या प्रयोगाचा एक भाग विशेष उल्लेखनीय आहे : सुट्टीच्या काळात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना याच व्यवस्थेतून विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात प्रक्षेपणाच्या जोडीला छापील साहित्य, प्रत्यक्ष कृती आणि गटचर्चा यांचा मेळ घातला होता.

पुढे इन्सॅट उपग्रहमालिका आली. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाची 'देशव्यापी वर्ग' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठातील केंद्राचाही समावेश होता. शालेय स्तरासाठी पुण्यात १९८४ मध्येच 'बालचित्रवाणी' ही संस्था उभी राहिली. तिने मराठीतून तयार केलेले कार्यक्रम एका पिढीच्या स्मरणात आहेत. २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. २००० मध्ये 'ज्ञानदर्शन' ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तत्पूर्वीच, चित्र एका दिशेने आणि आवाज दोन्ही दिशांनी, अशा पद्धतीचे उपग्रहाधारित पाठ घेण्यास प्रारंभ केला होता. दूरच्या केंद्रात बसलेला विद्यार्थी दूरध्वनीवरून प्रश्न विचारू शकत असे.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या पूर्वतयारीचे प्रयोग इन्सॅट-३बी या उपग्रहावर कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, मध्य प्रदेशातील राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथे झाले होते. एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे होती. पहिल्या प्रकारच्या केंद्रातून विद्यार्थी अध्यापकाशी बोलू शकत होता. दुसऱ्या प्रकारचे केंद्र केवळ ग्रहण करणारे होते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या वार्षिक अहवालातील नोंदीनुसार या कार्यक्रमाखाली ८३ जाळी उभी राहिली आणि ५६,१६४ शाळा-महाविद्यालये जोडली गेली. त्यांपैकी दुहेरी संवादाची केंद्रे ४,९४३ होती. उरलेली ५१,२२१ केवळ ग्रहण करणारी होती.

हे आकडे नीट वाचावेत. अकरा वर्गांपैकी जेमतेम एका वर्गाला परतीची तांत्रिक वाट मिळाली. त्यामागे खर्चाचे कारण होते, कारण उपग्रहाकडे संदेश पाठविणारे यंत्र केवळ संदेश घेणाऱ्या यंत्रापेक्षा महाग असते. ही मर्यादा समजण्याजोगी आहे. परंतु जेथे यंत्राने परतीची वाट मिळत नाही तेथे ती माणसाने उघडावी लागते, आणि त्यासाठी वर्गशिक्षकाच्या तयारीवर तेवढाच भर द्यावा लागतो. एज्युसॅटचे कार्य २०१० मध्ये संपले. त्यानंतर शैक्षणिक प्रक्षेपणाचे काम अन्य उपग्रहांकडे गेले.

अन्य देशांतील दोन उदाहरणे

परतीची वाट यंत्राविनाही उघडता येते, याची दोन उदाहरणे जगाच्या अनुभवात आहेत. मेक्सिकोने १९६८ मध्ये ग्रामीण माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणी-शाळांची योजना सुरू केली. छोट्या गावात प्रत्येक विषयाचा वेगळा शिक्षक देणे शक्य नव्हते. म्हणून पडद्यावरील पाठ, त्याला जोडलेले पुस्तक आणि सर्व विषयांना साहाय्य करणारा एक वर्गशिक्षक अशी त्रिसूत्री स्वीकारण्यात आली. ही योजना अनेक दशके टिकून राहिली.

निकाराग्वात १९७४ पासून रेडिओवरून प्राथमिक गणित शिकविण्याचा प्रकल्प राबविण्यात आला. त्यातील युक्ती अत्यंत साधी होती. निवेदक प्रश्न विचारी आणि काही क्षण थांबे. त्या शांततेत वर्गातील सर्व मुले एकसाथ उत्तर देत किंवा वहीत लिहीत. मग योग्य उत्तर सांगितले जाई. रेडिओला मुलांचे उत्तर ऐकू येत नव्हते. तरीही मुलाला मात्र स्वतःचे उत्तर तपासण्याची संधी मिळत होती. पाठाच्या रचनेत मुलासाठी मोकळी जागा ठेवणे, ही विनाखर्चाची परतीची वाट होय.

महासाथीच्या काळातील परीक्षा

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि दूरसंचार हे शिक्षणाचे पूरक साधन न राहता एकमेव साधन झाले. तेव्हा देशाची तयारी काय होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होती. 'असर' अहवालानुसार ग्रामीण शाळकरी मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी होती. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर असते. वडील कामावर गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो, आणि एका फोनवर तीन भावंडांचे तीन वर्ग एकाच वेळी चालत नाहीत.

या काळात जुन्या साधनांनी मोलाची साथ दिली. महाराष्ट्रात जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. केंद्र शासनाच्या 'पीएम ई-विद्या' कार्यक्रमाखाली प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी हे सूत्र आले. पुढे या वाहिन्यांची संख्या २०० पर्यंत वाढविण्यात आली. दिल्लीच्या शासकीय शाळांनी व्हॉट्सअॅपवरून कृतिपत्रिका पाठविल्या आणि ज्या घरी फोन नव्हता तेथील पालकांना शाळेतून छापील कृतिपत्रिका नेण्याची सोय ठेवली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शिक्षकांनी वस्तीवर, ओट्यावर, मंदिराच्या सभामंडपात लहान गटांत मुलांना बसवून शिकविले.

या अनुभवाचे तात्पर्य असे की, ज्या मुलाचा शिक्षक आठवड्यातून एकदा का होईना त्याच्यापर्यंत पोहोचला, त्याची वही पाहिली, त्याला नावाने हाक मारली, त्या मुलासाठी वाहिनीवरील पाठाला अर्थ आला. ज्याला केवळ दुवे आणि चित्रफिती मिळत राहिल्या, तो हळूहळू शाळेपासून तुटला. या तुटण्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. स्थलांतरित मजूर, ऊसतोड कामगार आणि आदिवासी पाड्यांवरील कुटुंबे यांच्या मुलांवर तो अधिक पडला. म्हणून परतीच्या वाटेचा प्रश्न हा सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो.

आजची साधने, जुनाच प्रश्न

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. 'यूडायस प्लस'च्या २०२४-२५ च्या माहितीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. ग्रामपंचायतींना तंतुवाहिनीने जोडणारी 'भारतनेट' योजना राबविली जात आहे, आणि सर्व शासकीय माध्यमिक शाळांना तिच्याद्वारे ब्रॉडबँड देण्याचा संकल्प २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मांडण्यात आला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावर विविध भारतीय भाषांतील साहित्य उपलब्ध आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत फोनने टिपला की त्या धड्याशी संबंधित दृक्श्राव्य साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत हा संकेतांचा वापर करणारे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

ब्रॉडबँडचे वैशिष्ट्य असे की, प्रथमच परतीची वाट यंत्रातच अंतर्भूत आहे. जेवढ्या सहजतेने चित्र येते, तेवढ्याच सहजतेने प्रश्न जाऊ शकतो. तरीही पुष्कळ ठिकाणी वापर मात्र जुन्या ग्रहण-केंद्रासारखाच होतो. चित्रफीत लावली जाते, मुले पाहतात, घंटा होते. किती चित्रफिती पाहिल्या गेल्या याची नोंद राहते. मुलाने काय विचारले याची नोंद राहत नाही.

एका तासिकेचा आराखडा

परतीची वाट वर्गात कशी उघडावी, हे एका उदाहरणाने पाहू. विषय विज्ञान, घटक 'आम्ल आणि आम्लारी', वेळ ३५ मिनिटे. शाळेत प्रयोगशाळा नाही. एक पडदा किंवा दूरचित्रवाणी संच, इंटरनेटची जोडणी आणि शिक्षकाचा फोन एवढीच साधने आहेत.

पहिली आठ मिनिटे पडदा बंद ठेवावा. शिक्षकाने लिंबाचा रस, साबणाचे पाणी, साधे पाणी आणि हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेले कागद मांडावेत. कोणत्या द्रवात कागदाचा रंग बदलेल, याचा अंदाज प्रत्येक मुलाने वहीत लिहावा. अंदाज लिहिलेला मुलगा पुढील पाठ उत्तर शोधण्यासाठी पाहतो. न लिहिलेला केवळ चित्र पाहतो.

पुढील आठ मिनिटे लिटमस कागदाच्या प्रयोगाची चित्रफीत दाखवावी. मात्र ती सलग दाखवू नये. कागद द्रवात बुडविण्याच्या क्षणी थांबवावी, मुलांचे मत घ्यावे आणि मग पुढे न्यावी. निकाराग्वाच्या रेडिओने निवेदकाच्या मौनातून जे साधले, ते येथे एका कळीने साधते.

त्यानंतरची बारा मिनिटे मुलांनी गटांत हळदीचा कागद वापरून स्वतः प्रयोग करावा. साबणाच्या पाण्यात कागद लालसर तपकिरी होईल. लिंबाच्या रसात आणि साध्या पाण्यात तो पिवळाच राहील. येथे एखादे चौकस मूल विचारील : लिंबू आणि पाणी या दोन्हींत हळद पिवळीच राहते, तर लिंबू आम्ल आहे हे हळदीवरून कसे कळणार? हा प्रश्न मोलाचा आहे. पडद्यावरील पाठात तो येणार नाही, कारण तेथे लिटमस वापरला आहे. हळद आम्लारी ओळखते. आम्ल आणि उदासीन पदार्थ यांतील भेद ती दाखवीत नाही, आणि त्यासाठी जास्वंदीच्या फुलाच्या अर्कासारखा दुसरा दर्शक लागतो, हे ज्ञान त्या प्रश्नातूनच उलगडते.

शेवटची सात मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. वर्गाने सर्वांत चांगले दोन प्रश्न निवडावेत. शिक्षकाला उत्तर ठाऊक असल्यास त्याने तेथेच चर्चा करावी. नसल्यास ते प्रश्न फोनवरून केंद्रातील अन्य शिक्षकांच्या गटाकडे किंवा विषयतज्ज्ञाकडे पाठवावेत आणि आलेले उत्तर पुढील तासिकेत, प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे नाव घेऊन, वर्गात सांगावे. पुण्याच्या श्रवणमंडळांना पत्राचे उत्तर मिळाल्यावर जो विश्वास वाटला असेल, तोच विश्वास येथे मुलाला मिळतो. या आराखड्यात ३५ मिनिटांपैकी पडदा केवळ आठ मिनिटे चालू आहे, हे लक्षात घ्यावे.

नियोजनासाठी काही सूचना

१. साधनांच्या खरेदीबरोबरच शिक्षकाच्या तयारीसाठी वेळ आणि निधी यांची तरतूद असावी. कोणत्या आठवड्यात कोणता पाठ उपलब्ध आहे, त्याची मार्गदर्शिका शिक्षकाच्या हाती किमान आठवडाभर आधी असावी.

२. केंद्रस्तरावर विषयतज्ज्ञांचा एक गट असावा. शाळांकडून आलेल्या प्रश्नांना ठराविक मुदतीत उत्तर देणे ही त्याची जबाबदारी असावी. उत्तम प्रश्नोत्तरांचा संग्रह पुढील वर्षीच्या पाठांत वापरता येईल.

३. दुरुस्तीची व्यवस्था तालुकास्तरावर असावी. विजेचे देयक, इंटरनेटचे शुल्क आणि दुरुस्ती हे आवर्ती खर्च आहेत. त्यांची तरतूद नसेल तर चांगले साधनही कपाटात पडून राहते.

४. पाठ मुलांच्या भाषेत असावेत. प्रमाण मराठीतील पाठही मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील भिल्ल मुलाला परका वाटू शकतो. तेथे स्थानिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकाचे महत्त्व दुप्पट असते.

५. मूल्यमापनाचा निकष बदलावा. किती तास प्रक्षेपण झाले किंवा किती चित्रफिती पाहिल्या गेल्या यापेक्षा वर्गातून किती प्रश्न आले आणि त्यांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले, हा निकष अधिक अर्थपूर्ण आहे.

समारोप

टपाल, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि आता ब्रॉडबँड अशी साधनांची मालिका आपण पाहिली. प्रत्येक नव्या साधनाने आधीच्यापेक्षा अधिक दूरवर आणि अधिक स्पष्टपणे पाठ पोहोचविला. परंतु पोहोचलेला पाठ मुलात रुजला तो मुलाच्या शंकेला वाट आणि उत्तर मिळाले तेव्हाच. ही वाट १९५६ मध्ये टपालाने आणि १९६१ मध्ये वर्गशिक्षकाने उघडली. आज ती यंत्रानेही उघडता येते; तरी मुलाच्या चेहऱ्यावरील न विचारलेला प्रश्न ओळखण्याचे काम अजूनही वर्गात उभा असलेला शिक्षकच करू शकतो. शाळेला जोडणी देताना त्या शिक्षकालाही जोडून घेतले, तर दुर्गम पाड्यावरील मुलाला शहरातील प्रयोगशाळा नुसती दिसणार नाही, तर तिला प्रश्नही विचारता येईल. तंत्रज्ञानावर होणाऱ्या खर्चाचे खरे माप तेच आहे.